संसार-नोकरी सांभाळून शिकायचंय, सरकारी मदत मिळेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या दिवसांत दर रविवारी मी आमच्या तालुक्याच्या गावी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राबाहेर टेबल टाकून बसते. फॉर्म भरून देते, कागद तपासते. समोर येणारे पंचविशीपासून साठीपर्यंतचे असतात. एसटीचे वाहक, अंगणवाडी सेविका, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, मुलं मार्गी लागल्यावर पहिल्यांदा स्वतःसाठी वेळ मिळालेल्या बायका. अभ्यासाबद्दल फार थोडे विचारतात, पैशाबद्दल सगळेच. ते जसं विचारतात तसेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत.

मॅडम, शिकलं तर सरकार पैसे देतं म्हणे. किती देतं?

असा सरळ आकडा सांगता येत नाही, कारण सरकारी मदत तीन वेगवेगळ्या रूपांत येते. एक, जागाच मोफत असते. कौशल्य केंद्रातला शिवणकामाचा किंवा मोबाइल दुरुस्तीचा वर्ग असा असतो. तिथे तुमच्या नावावरचा खर्च सरकार केंद्राला देतं, तुमच्या हातात काही येत नाही. दोन, तुम्ही भरलेली फी परत मिळते. शिष्यवृत्तीच्या बहुतेक योजना या प्रकारातल्या. तीन, शिकत असताना विद्यावेतन मिळतं. हे शिकाऊ उमेदवारीत आणि पीएम विश्वकर्मासारख्या योजनांत असतं.

घोटाळा होतो तो इथेच. शेजारणीला रोज ५०० रुपये मिळाले म्हणून आपणही बीएला प्रवेश घ्यायचा, आणि मग खात्यात काही आलं नाही म्हणून विद्यापीठाला बोल लावायचा! तिचे पैसे वेगळ्या योजनेचे, आपला अभ्यासक्रम वेगळ्या खात्याचा. म्हणून कुठलीही योजना ऐकलीत की आधी एवढंच विचारा: जागा मोफत आहे, फी परत मिळणार आहे, की महिन्याला काही मिळणार आहे? निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मुक्त विद्यापीठाची फी माफ होते का?

सरसकट माफ होत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं तेच नोकरदार आणि घरातल्या माणसांना परवडावं म्हणून. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. बीए, बीकॉमची फी नेहमीच्या खासगी कॉलेजांच्या मानाने बरीच कमी असते. तरीही महिन्याला दहा-बारा हजारांवर घर चालवणाऱ्याला तीही जड जाते, हे मला दर रविवारी दिसतं.

अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. बऱ्याच जणांना वाटतं की ती फक्त कॉलेजात जाणाऱ्या पोरांसाठी आहे. तसं नाही. दूरशिक्षणाने शिकणाऱ्यांनाही ती लागू आहे. फरक इतकाच की नोकरी करणाऱ्याला निर्वाहभत्ता मिळत नाही, फक्त परत न होणारी सक्तीची फी मिळते. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, करायचा. फी भरण्याआधी तिथल्या यादीत आपला अभ्यासक्रम आणि आपलं केंद्र दिसतं का ते पाहून घ्या. यादीत नसेल तर नंतर कितीही हेलपाटे घातले तरी अर्ज पुढे सरकत नाही.

आणखी एक अट मोठ्या वयात शिकणाऱ्यांना हमखास आडवी येते. एकदा बीकॉम झालेल्याने पुन्हा बीए घेतलं तर त्याला ही शिष्यवृत्ती नाही. त्याच पायरीवर दुसऱ्यांदा शिकायला ती मिळत नाही, वरची पायरी घेतली तर मिळते. एका वाहकदादांनी हौसेने दुसरी पदवी घेतली होती आणि शिष्यवृत्तीच्या भरवशावर हातउसने पैसे घेतले होते. अर्ज नाकारला गेला तेव्हा त्यांना कारणही धड कोणी सांगितलं नव्हतं. नियमावलीतली ती ओळ मी दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “हे आधी कोणी वाचून दाखवलं असतं तर एमएलाच प्रवेश घेतला असता की.”

फी आधी भरायची आणि पैसे मागून येणार. मागून म्हणजे कधी?

घर चालवणाऱ्यासाठी सगळ्यात कळीचा प्रश्न हाच. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत २०२०-२१ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के झाला. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. दोन सरकारांची दोन बिलं, त्यामुळे पैसे दोन वेळा, पुढेमागे येतात. एक हप्ता आला की दुसराही लगेच येईल असं धरून चालू नका.

माझा सल्ला असा, की त्या वर्षाचे पैसे त्याच वर्षी हातात पडतील असं गृहीत धरून सावकाराकडून किंवा बचत गटातून कर्ज उचलू नका. पहिल्या वर्षाची फी स्वतःच्या पैशातून भरता येईल एवढी सोय करा. शिष्यवृत्ती आली की ती दुसऱ्या वर्षाला वापरा. बचत गटातल्या ज्या बायकांनी असं केलं त्यांचं शिक्षण मधे तुटलं नाही.

दूरशिक्षणाच्या पदवीला सरकारी नोकरीत किंमत असते का?

असते. विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम, दोघांनाही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता असेल तर ती पदवी कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. आयोगाने २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. मात्र वैद्यक, अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी, वकिली असे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने देता येत नाहीत. २०२५ च्या जुलैच्या सत्रापासून मानसशास्त्र आणि पोषणशास्त्रासारखे आरोग्याशी जोडलेले विषयही त्यातून काढले. “घरबसल्या नर्सिंग” अशी जाहिरात दिसली तर तिथे एक रुपयाही भरू नका.

प्रवेशाच्या वेळी डीईबी आयडी, म्हणजे याच दूरशिक्षण मंडळाचा ओळख क्रमांक, लागतो. तो ऑनलाइन आणि फुकट निघतो. तो काढून देण्यासाठी कोणी ५०० रुपये मागितले तर समोरची खुर्ची सोडून उठा.

माझी दहावीच राहिलीये. मग पुढचं सगळं बंद?

मुळीच नाही. पहिला रस्ता म्हणजे १७ नंबरचा फॉर्म. तो भरून राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देता येते. पुस्तकं आणि परीक्षा शाळेतल्या मुलांचीच असते. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेचा. तिथे एका नोंदणीवर पाच वर्षं मिळतात आणि त्या काळात नऊ संधी. एका वेळी दोनच विषय काढले तरी चालतं, दहावी मराठी माध्यमातून देता येते आणि महिलांना फीत सवलत आहे. ज्यांचं काम पाळीचं आहे त्यांना मी हाच रस्ता सुचवते. रात्रपाळी करून सकाळी सहा विषयांचा अभ्यास होत नाही, दोन विषयांचा होतो.

आमच्या आईला सहीसुद्धा येत नाही. तिच्यासाठी काही?

आहे, आणि तिथे फी हा विषयच नाही. ‘उल्लास’ या नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी सुरू आहे. केंद्र आणि राज्यं मिळून १,०३७.९० कोटींची तरतूद आहे. पंधरा वर्षांवरच्या कोणालाही नाव नोंदवता येतं. शिकवतात ते गावातलेच स्वयंसेवक, बऱ्याचदा घरातलीच नात किंवा सून. शेवटी १५० गुणांची परीक्षा असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकाला ५० गुण.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत ही परीक्षा झाली तेव्हा मी पाहायला गेले होते. पहिलीच्या पोरांची बुटकी बाकं, त्यावर गुडघे बाजूला काढून बसलेल्या सत्तरीच्या आज्या. एकीने पेन्सिल कोयत्यासारखी मुठीत धरली होती. शेजारच्या आजीने तिची बोटं सोडवून नीट लावून दिली. पर्यवेक्षकांनी पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं. पेपर झाल्यावर ती पेन्सिलवाली आजी मला म्हणाली, “आता रेशनच्या पावतीवर किलो किती लिवलंय ते मी वाचनार.”

या कार्यक्रमात शिकणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. पण आईचं नाव शाळेत मुख्याध्यापकांकडे आजच्या आज नोंदवा.

काम हातात आहे, वीस वर्षं करतोय. पण कागद नाही. कागद कसा मिळेल?

गवंडी, वायरमन, शिंपी, ब्युटी पार्लरवाल्या ताई, सगळ्यांचा हा प्रश्न. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे. कौशल्य केंद्रात सगळे तिला आरपीएलच म्हणतात. आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेतात, मधे काही दिवस उजळणी असते, पास झालात की सरकारी प्रमाणपत्र मिळतं. अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसाला ते घेता येतं आणि त्याचे पैसे पडत नाहीत. नव्याने शिकायचं असेल तर त्याच योजनेतल्या छोट्या अभ्यासक्रमांची वयोमर्यादा १५ ते ४५ आहे.

दुसरी योजना पीएम विश्वकर्मा. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, मूर्तिकार, चांभार, गवंडी, टोपल्या-झाडू करणारे, न्हावी, परीट, शिंपी, मासेमारीची जाळी विणणारे अशा १८ व्यवसायांना ती लागू आहे. पाच ते सात दिवसांचं मूळ प्रशिक्षण असतं आणि त्या दिवसांचे रोज ५०० रुपये मिळतात. अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर मिळतं. पुढे कर्ज हवं असेल तर आधी एक लाखापर्यंत, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत, व्याज पाच टक्के आणि तारण नाही.

बुडालेल्या मजुरीची भरपाई धरलेल्या योजना कमी आहेत. म्हणूनच ही मला मनापासून आवडते. हातावर पोट असलेल्या माणसाला “प्रशिक्षण फुकट आहे” एवढं सांगून भागत नाही. सहा दिवस शिकायला बसलं तर सहा दिवसांची मजुरी जाते, आणि ती कोण देणार हा त्याचा खरा प्रश्न असतो. इथे त्याचं उत्तर दिलेलं आहे.

अटी नीट ऐका. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही. अर्ज आपले सरकार किंवा सीएससी केंद्रात अंगठा लावून करायचा, मग ग्रामपंचायतीची पडताळणी, मग जिल्हा समिती. ग्रामपंचायतीच्या पायरीवर अर्ज पडून राहतात, तेव्हा आठवड्याने जाऊन विचारायला लाजू नका. व्हाउचर म्हणजे रोकड नाही, त्यातून अवजारंच घेता येतात. दुकानदार “व्हाउचर द्या, मी तुम्हाला दहा हजार रोख देतो” म्हणाला तर नाही म्हणा. शिलाई मशीन घरी आलं पाहिजे.

प्रशिक्षण मोफत आहे असं जाहिरातीत लिहिलंय, पण केंद्रवाला नोंदणीचे दोन हजार मागतोय. द्यायचे का?

नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना असो की ग्रामीण तरुणांसाठीची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, उमेदवाराकडून फी घ्यायची नसते. अनामत, युनिफॉर्मचे, सर्टिफिकेटचे, कशाचेच नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट अंगठ्याची आहे. या केंद्रांना सरकारकडून पैसे मिळतात ते तुमच्या नोंदणीवर, तुमच्या हजेरीवर आणि तुमच्या परीक्षेवर. हजेरी आधारला जोडलेल्या यंत्रावर लागते. म्हणजे तुमचा अंगठा ही त्यांची बिलाची पावती असते. माझ्या स्वतःच्या मावसबहिणीला एका केंद्राने “वर्गाला नाही आलात तरी चालेल, सोमवारी येऊन अंगठा लावून जा, सर्टिफिकेट घरपोच देतो” असं सांगितलं. तिला ती सवलत वाटली. ती सोमवारी जायची, अंगठा लावायची, चहा पिऊन यायची. प्रमाणपत्र आलं तेही संगणकावर नोंद करायच्या कामाचं. आजही तिला मराठीत एक अर्ज टाइप करता येत नाही. आणि अशा योजनांचा लाभ नावावर एकदा नोंदला गेला, की तोच कोर्स पुन्हा घ्यायला अडचण येते. तिची शिकायची पाळी त्या केंद्राने खाल्ली, असंच मी म्हणते.

वर्ग झाल्याशिवाय अंगठा लावू नका. प्रवेशाआधी केंद्राला चालू वर्षाचं मंजुरीचं पत्र दाखवायला सांगा. बॅचचा नंबर आणि कोर्सचं नाव वहीत लिहून ठेवा. खरं काम करणाऱ्या केंद्राला याचा राग येत नाही.

गावाजवळ काय आहे? रोज शहरात जाणं जमणार नाही.

राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू केली. आपल्या तालुक्यातलं कुठल्या गावात आहे ते पंचायत समितीत कळतं.

दुसरं म्हणजे आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, प्रत्येक जिल्ह्याला एक, जिल्ह्याची अग्रणी बँक ती चालवते. शेळीपालन, मसाले, शिवण, दुचाकी दुरुस्ती, असे थोड्या आठवड्यांचे वर्ग. राहणं-जेवण तिथेच आणि फुकट. प्रशिक्षणानंतर दोन वर्षं ते तुमच्या धंद्याचा पाठपुरावा करतात आणि कर्जाचं प्रकरण बँकेपुढे न्यायला मदत करतात. लहान मूल असलेल्या बाईला निवासी वर्ग अवघड जातो, हे खरं. तिच्यासाठी जन शिक्षण संस्थान बरं. घराजवळच्या समाजमंदिरात वर्ग भरतात आणि फारसं शिक्षण नसलं तरी चालतं. या संस्थांचं मूळ आपल्याकडेच आहे. १९६७ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या वरळीत पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, तेच पुढे २००० मध्ये जन शिक्षण संस्थान या नावाने देशभर झालं.

कंपनीत शिकाऊ म्हणून घेतात, त्यात पैसे मिळतात ना?

मिळतात. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ठरतं. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उमेदवाराच्या खात्यात टाकतं आणि बाकीचं कंपनी देते. करार सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदलेला हवा. नुसतं “ट्रेनी” म्हणून वर्षभर राबवून घेतलं आणि करारच नसेल, तर ती शिकाऊ उमेदवारी नव्हे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात जाऊ का? मी मुक्त विद्यापीठात शिकतोय.

इथे थांबा. ही योजना जुलै २०२४ मध्ये आली, १८ ते ३५ वयाच्या, महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या तरुणांसाठी. बारावीला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती वाढवली. पण शासन निर्णयात स्पष्ट लिहिलं आहे की शिक्षण चालू असलेला उमेदवार पात्र नाही. दूरशिक्षण असलं तरी ते शिक्षणच. प्रवेश लपवून अर्ज केला आणि मग पैसे परत करायची पाळी आली तर भारी पडतं.

मला ही अट पटत नाही. रविवारी शिकणारा माणूस सोमवार ते शनिवार काम करायला मोकळाच असतो, त्याला कामाचा अनुभव देणं हेच तर योजनेचं काम आहे. पण अट आहे तोवर आधी काय करायचं ते ठरवा. पदवीचं शेवटचं वर्ष असेल तर ते संपवा आणि १०,००० च्या गटात अर्ज करा.

पगारातून कसलेसे पैसे कापतात. त्याचा शिक्षणाला उपयोग होतो का?

पगाराची स्लिप काढा आणि जून व डिसेंबरच्या महिन्यात एलडब्ल्यूएफ असं काही लिहिलंय का पाहा. तो कामगार कल्याण निधी. तो कापला जात असेल तर तुम्ही महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचे लाभार्थी आहात. मंडळाची शिष्यवृत्ती आहे, पाठ्यपुस्तकांना मदत आहे, एमएस-सीआयटीला मदत आहे, कामगाराला आणि घरच्यांनाही. कंत्राटी कामगाराचाही निधी कापला जातो आणि तो वर्षानुवर्षं तिकडे फिरकत नाही. जवळच्या कामगार कल्याण केंद्रात स्लिप घेऊन जा.

बांधकाम कामगारांचं मंडळ वेगळं आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असेल तर नोंदणी होते. नोंदणी झालेल्या कामगाराच्या दोन मुलांना किंवा पत्नीला पदवीच्या शिक्षणासाठी वर्षाला २०,००० रुपये मिळतात. यातला ‘पत्नीला’ हा शब्द मी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवते. सेंट्रिंगवाल्यांच्या बायका ते ऐकून एकमेकींकडे बघतात.

अर्ज मंजूर झाला, पण पैसे खात्यात आलेच नाहीत.

दहातल्या निम्म्या वेळा कारण एकच असतं. तुम्ही म्हणता, “आधार लिंक आहे.” बँकवालाही म्हणतो, “लिंक आहे.” दोघंही खरं बोलता, पण लिंक असणं वेगळं आणि सीडिंग वेगळं. केवायसीसाठी खात्याला आधार जोडलेलं असतं ते एक. सरकारी पैसे कुठल्या बँकेत पाठवायचे याची नोंद एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे असते ती दुसरी. पैसे या दुसऱ्या नोंदीप्रमाणे जातात, आणि ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. तुम्ही शेवटी ज्या बँकेत सीडिंगची संमती दिली, पैसे तिथेच.

एक अंगणवाडीताई दोन वर्षं शिष्यवृत्तीची वाट पाहत होती. आम्ही माय आधारच्या साइटवर तिची बँक सीडिंग स्थिती उघडली, तर तिथे भलत्याच बँकेचं नाव. आधी तिला आठवेना. मग म्हणाली, “अहो, गॅसच्या सबसिडीला ते खातं काढलं होतं, एकदाच!” त्या बँकेत गेलो, पासबुक भरून घेतलं. मशीन करकर करत चार ओळी छापत गेलं आणि दोन्ही हप्ते तिथे पडलेले होते.

म्हणून अर्ज करण्याआधीच ती स्थिती पाहा. बदलायची असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा, आणि फॉर्मवर ‘डीबीटीसाठी’, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, असं लिहा. पोहोच घ्या.

मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं. चालेल?

चालत नाही, आणि याचा त्रास बायकांनाच होतो. माहेरचं आडनाव मार्कशीटवर, सासरचं आधारवर. त्यात आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलं नावही नवं लिहितात, म्हणजे तिसरी भर. संगणकाला ती तीन वेगळी माणसं वाटतात.

विवाह नोंदणीचा दाखला असेल, म्हणजे नमुना ई, तर आडनाव आणि वडिलांऐवजी नवऱ्याचं नाव यासाठी तो बहुतेक ठिकाणी पुरतो. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रात नाव छापून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो आणि एकदा राजपत्राची प्रत हातात आली की आयुष्यभर उपयोगी पडते. लग्नाची नोंदणी वीस वर्षांपूर्वी केली नसेल तर आताही करता येते, ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. हे काम प्रवेशाच्या महिन्यात काढू नका, चार महिने आधीच हाती घ्या.

या एका कारणाने शिक्षण सोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. अभ्यास जमत होता, नवराही हो म्हणत होता, फक्त नाव जुळत नव्हतं.

बारावी २००३ ची. मधली वर्षं काय दाखवू?

गॅपचं प्रतिज्ञापत्र करा. मधल्या काळात कुठेही प्रवेश घेतला नव्हता, घरकाम किंवा नोकरी करत होते, एवढं लिहिलेलं पुरतं. महाडीबीटीवर मागच्या शिक्षणाच्या माहितीत गॅपची वर्षं भरून ते जोडायचं. खोटा प्रवेश दाखवून गॅप बुजवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

काहीच पैसे नाहीत, फोन मात्र आहे.

स्वयम् उघडा. केंद्र सरकारची ही सोय २०१७ पासून आहे. विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचे वर्ग फुकट पाहता येतात, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. बरेच अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, ते सुरुवातीला जड जातात. आधी एक आठवड्याचा धडा पाहा, समजला तर नाव नोंदवा.

तुमच्याकडे येताना काय काय आणू?

आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल, चार्ज केलेला, कारण ओटीपी त्यावरच येतो. नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर जोडलेला असेल तर त्यांनाही त्या वेळी घरी राहायला सांगा. शेवटची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला. जातीचा दाखला, लागू असेल तर जात पडताळणी आणि नॉन-क्रीमिलेअर. अधिवासाचा दाखला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि त्यावरची मुदत वाचून आणा. बहुतेक दाखले ३१ मार्चला संपतात आणि एप्रिलमध्ये सेतूत रांग लागते. बँकेचं पासबुक, पहिलं पान स्वच्छ दिसेल असं. पगाराची स्लिप असेल तर तीही.

पिशवीत नको, प्लास्टिकच्या फाइलमध्ये आणा. जुलैत पाऊस असतो, आणि ओल्या दाखल्यावरचा शिक्का स्कॅनरला वाचता येत नाही. झेरॉक्स दोन-दोन काढा. मूळ कागद मी पाहते आणि तिथल्या तिथे परत देते. “फाइल ठेवून जा, मी करून देतो” असं जो कोणी म्हणेल त्याच्याकडे काही ठेवू नका. माझ्याकडेसुद्धा नाही.